डॉक्टरांना भेटायचा टोल

वाचकाचं पत्र:

"आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझं वय 69, ह्यांचं 74. दोघंही मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर आहोत, वर त्यानं न भरलेला हिस्सा भरणारी खासगी सप्लिमेंट पॉलिसी आहे. गेली 19 वर्षं आमचे एकच डॉक्टर. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून जाड, गुळगुळीत कागदावर पत्र आलं. 1 जानेवारीपासून ते फक्त सभासद झालेल्या रुग्णांनाच तपासणार. फी माणशी वर्षाला 2,200 डॉलर. रुग्ण जास्तीत जास्त 500 घेणार, 15 डिसेंबरपर्यंत नाव नोंदवा. ह्यांचं हृदय अशक्त आहे, साखर आहे, किडनीचे आकडे वरखाली होतात. या वर्षात दोनदा हॉस्पिटलात राहून आले. मला थायरॉइडची गोळी सोडली तर काही नाही. हे म्हणतात, 'आयुष्यभर पगारातून मेडिकेअरचे पैसे कापून घेतले, आता डॉक्टरांच्या दारात वेगळा टोल कशाला? भरायचाच तर सप्लिमेंट बंद करू आणि त्यातून भरू.' डॅलसची मुलगी म्हणते, 'आई, भरून टाका, मीही माझ्या डॉक्टरांना महिन्याला 85 डॉलर भरतेच की.' आमची एक मैत्रीण एकटी राहते, तीही याच डॉक्टरांकडे जाते. तिला हे परवडणारं नाही. 'तू भरणार आहेस का गं?' असं तिनं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. हे कायद्यात बसतं का? भरावं का? आणि भरलं तर आपण काही चुकीचं करतोय का?"

— पत्र उशाशी घेऊन झोपणारी

ताई,

बाकीचं सावकाश वाचा, पण एक गोष्ट आत्ताच सांगते: सप्लिमेंट बंद करू नका. टोलचा राग आला म्हणून कुणी गाडी विकत नाही, असं माझ्या वतीनं यजमानांना सांगा. 65 पूर्ण होऊन पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर आणि तपासण्यांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यावर पहिले सहा महिने सप्लिमेंट कंपनी तब्येतीबद्दल काही विचारू शकत नाही. ती मुदत सरली की न्यू जर्सीसकट बहुतेक राज्यांत ती विचारू शकते आणि उत्तर आवडलं नाही तर पॉलिसी नाकारू शकते. अशक्त हृदय, मधुमेह, किडनी आणि वर्षात दोन ॲडमिशन. असा अर्ज कोणती कंपनी घेईल, तुम्हीच सांगा. सप्लिमेंट नसेल तर पार्ट बीचे 20 टक्के तुमच्या खिशातून जातात आणि त्याला वरची मर्यादा नाही. डॉक्टरांची सभासद फी म्हणजे विमा नव्हे. हॉस्पिटल, एमआरआय, अँब्युलन्स यांतलं एकही बिल ती भरत नाही.

आता मी हे कुठून बोलते ते सांगते. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. एका प्रायमरी केअर, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याच्या बिलिंगच्या टेबलावर मी 22 वर्षं काढली. त्या दवाखान्यातून असंच पत्र निघालं तेव्हा पाकिटांवर पत्त्यांची लेबलं चिकटवणाऱ्या तिघींत मी होते. त्या सोमवारी एक आजोबा न उघडलेलं पाकीट घेऊन काउंटरवर आले. "बिल आलंय वाटतं. किती झालं?" म्हणत त्यांनी चेकबुकच काढलं. बिल नाही, तुमचे डॉक्टर तुम्हाला सोडताहेत असं पत्र आहे, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पुढचे सहा आठवडे फोन वाजत राहिले. जे खरंच आजारी होते त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा: "हे मेडिकेअर देईल ना?"

मेडिकेअर देत नाही. सप्लिमेंटही देत नाही.

तरीही त्या डॉक्टरांना मी लोभी म्हणणार नाही, कारण त्यांचा दिवस मी जवळून पाहिला आहे. त्यांच्या नावावर 2,300 च्या आसपास रुग्ण होते. दिवसाला 20-22 जण, प्रत्येकाला 15 मिनिटं, त्यातली पाच रक्तदाब घेण्यात आणि कॉम्प्युटरवर गोळ्यांची यादी जुळवण्यात जायची. संध्याकाळी घरी जाऊन पोर्टलवरचे निरोप, रिफिल आणि विमा कंपन्यांची प्रायर ऑथरायझेशनची, म्हणजे उपचाराआधी परवानगी घ्यायची कटकट. मेडिकेअर डॉक्टरांच्या प्रत्येक कामाला गुण देते आणि त्या गुणांना ठरलेल्या डॉलरच्या आकड्यानं गुणून पैसे देते. 2001 साली तो आकडा 38 डॉलर 26 सेंट होता, 2025 साली 32 डॉलर 35 सेंट. 2021 मध्ये साध्या तपासणीचे गुण वाढवले हे खरं, पण जागेचं भाडं आणि नर्सचा पगार तोवर कुठल्या कुठे गेले होते. शिवाय या गुणांच्या हिशोबात रुग्णाशी बोलण्यापेक्षा त्याच्या अंगाला काहीतरी केलेलं नेहमीच महाग ठरत आलं आहे. मग डॉक्टर गणित मांडतात. 500 माणसं गुणिले 2,200 म्हणजे 11 लाख डॉलर. मधे हे सभासदत्व चालवणारी एखादी कंपनी असली तर तिचा हिस्सा वजा करायचा, आणि यावर मेडिकेअरची बिलं चालूच राहतात. माणसं कमी, झोप जास्त. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या प्रकाराला सगळे 'कॉन्सिअर्ज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, मूळ अर्थ इमारतीच्या दारावरचा माणूस. आपल्याकडच्या वाड्यात देवडीवर बसायचा ना, तसा. आत कोण जाईल ते तोच ठरवायचा, त्यामुळे शब्द अगदीच चुकीचा निवडलेला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशन सभ्यपणे 'रिटेनर प्रॅक्टिस' म्हणते. सुरुवात 1996 साली सिएटलला झाली. बास्केटबॉल टीमचे डॉक्टर राहिलेले हॉवर्ड मॅरन यांनी एमडी-स्क्वेअर नावाचा दवाखाना काढला, एका डॉक्टरमागे 50 कुटुंबं आणि फी पाच आकडी. तो श्रीमंतांचा खेळ होता. तुमच्याआमच्या दारापर्यंत तो आणला 2000 साली फ्लोरिडात निघालेल्या एमडीव्हीआयपीनं: डॉक्टरमागे 600 पर्यंत रुग्ण आणि फी साधारण 1,500 डॉलर. साबण, डायपर विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलनं 2009 मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि 2014 मध्ये एका गुंतवणूक कंपनीला विकली. 2023 मध्ये ॲमेझॉननं सुमारे 3.9 अब्ज डॉलर मोजून वन मेडिकल घेतली, तिचं सभासदत्व वर्षाला 199 डॉलर. म्हणजे 'डॉक्टरांच्या दारातला टोल' या एकाच नावाखाली 199 डॉलरचीही वस्तू विकली जाते आणि 20,000 ची सुद्धा. तुमच्या पत्रातली नेमकी कोणती, हे आधी बघायला हवं.

त्यातच कायद्याचं उत्तर आहे. डॉक्टर मेडिकेअरमध्ये राहणार आहेत की बाहेर पडणार आहेत, एवढं एक वाक्य त्यांच्याकडून लेखी घ्या. बाहेर पडणार असतील तर ते दोन वर्षांसाठी बाहेर पडतात आणि तुमच्याशी वेगळा करार करतात. मग त्यांच्या तपासणीचा एक पैसाही मेडिकेअरकडून किंवा सप्लिमेंटकडून मिळत नाही. त्यांनी लिहून दिलेल्या रक्ताच्या चाचण्या, औषधं, हॉस्पिटल आणि बाकीचे स्पेशालिस्ट मात्र पूर्वीसारखेच चालू राहतात. तुमच्या भागातले हे दवाखाने बहुधा मेडिकेअरमध्येच राहतात. तसं असेल तर नियम पक्का आहे: मेडिकेअर ज्या कामाचे पैसे देते त्याच कामासाठी तुमच्याकडून वेगळी फी घेता येत नाही. 2004 च्या मार्चमध्ये सरकारच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी तसा इशाराच काढला होता. मिनेसोटातल्या एका डॉक्टरांनी माणशी 600 डॉलरचा करार केला होता, त्यात इतर डॉक्टरांशी समन्वय, तब्येतीचा सर्वंकष आढावा आणि 'जास्तीचा वेळ' असं लिहिलं होतं. यातलं काही काम मेडिकेअरच्या पैशात आधीच मोजलेलं होतं, म्हणून त्यांना 53,400 डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

मग हे दवाखाने 2,200 डॉलर कशाचे घेतात? सगळी गोम इथे आहे, आणि बिलिंगच्या टेबलावर बसल्याशिवाय ती सहसा कळत नाही. मेडिकेअर 2011 पासून वर्षाला एक 'वेलनेस व्हिजिट' फुकट देते. पण ती बरीचशी प्रश्नोत्तरांची असते. तीत डॉक्टर छातीला नळी लावतीलच असं नाही. डोक्यापासून पायापर्यंतची नेहमीची जुन्या धर्तीची तपासणी मेडिकेअरमध्ये बसत नाही. या दोन्हींच्या मधल्या फटीत सभासद फी बसवलेली असते. कागदावर तुम्ही 'सखोल वार्षिक तपासणी' विकत घेता. प्रत्यक्षात विकत घेता ते डॉक्टरांच्या मोबाइलचा नंबर आणि उद्याची अपॉइंटमेंट. कायद्याला पहिली वस्तू दाखवतात, तुम्हाला हवी असते दुसरी. म्हणून करारात दुसरीबद्दल काय लिहिलंय ते शोधा. रात्री फोन कोण उचलणार, डॉक्टर स्वतः की उत्तरं देणारी कंपनी? ते सुट्टीवर गेले की कोण? यजमान हॉस्पिटलात असतील तेव्हा डॉक्टर तिथे येणार का? हॉस्पिटलात बहुधा तिथलेच डॉक्टर बघतात, त्यामुळे 'येणार' याचा अर्थ कधीकधी नुसता फोन करणं असा असतो. मधेच सोडलं, किंवा वाईट वाटून घेऊ नका, मधेच कुणी गेलं, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का? पुढच्या वर्षी करार आपोआप नवा होतो का, आणि फी वाढवायला मर्यादा आहे का? आमच्याकडच्या करारात हे शेवटचं कलम इतक्या बारीक अक्षरात होतं की चष्मा लावूनही मला टेबलावरच्या दिव्याखाली धरावं लागलं.

आता यजमानांचं. फी भरून माणूस जास्त जगतो का? असा भरोसा कुणी देऊ शकत नाही. 2023 साली जर्नल ऑफ हेल्थ इकॉनॉमिक्समध्ये एक अभ्यास छापून आला. कॉन्सिअर्जमध्ये गेलेल्या मेडिकेअर रुग्णांचा एकूण आरोग्यखर्च 30 ते 50 टक्क्यांनी वाढला आणि मृत्यूच्या प्रमाणात सरासरी फरक दिसला नाही. वेळ मिळाला की चाचण्याही वाढतात. कंपन्यांच्या पैशानं झालेले अभ्यास सांगतात की सभासद हॉस्पिटलात कमी जातात. पण वर्षाला दोन हजार डॉलर बाजूला काढू शकणारा माणूस मुळातच वेगळा असतो, हे त्या अभ्यासांच्या मागे लागलेलं दुखणं आहे.

पण सरासरी माणूस तुमच्या घरात राहत नाही. तुमच्या घरात तीन स्पेशालिस्टांच्या गोळ्या खाणारा एक माणूस आहे. हृदयवाले पाणी काढायची गोळी वाढवतात, मग किडनीवाले ती कमी करतात, आणि मधे साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं ते दोघंही बोलत नाहीत. वजन दोन दिवसांत तीन पौंडांनी वाढलं आणि पाय सुजले, तर त्या दिवशी फोन कुणाला करायचा? यावरच त्यांची पुढची ॲडमिशन अवलंबून आहे. अशा माणसासाठी 'उद्या या' म्हणणारा डॉक्टर खरंच मोलाचा आहे. तुमच्यासाठी तसा नाही. थायरॉइडची एक गोळी, वर्षाला एक रक्ततपासणी. तुम्ही 2,200 डॉलर भरलेत तर ते बहुतेक कॉफीमशीन असलेल्या वेटिंग रूमसाठी जातील.

पण ही फी भरायच्या आधी आणखी एक गोष्ट करा, आणि ती कुणीही पत्रात लिहून कळवणार नाही. जे तुम्हाला विकलं जातंय त्यातलं बरंचसं मेडिकेअर आता साध्या दवाखान्यांनाही देते. 2013 पासून हॉस्पिटलातून घरी आल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत फोन आणि एक-दोन आठवड्यांत भेट, या कामाचे वेगळे पैसे डॉक्टरांना मिळतात. 2015 पासून दोन किंवा जास्त जुनाट आजार असलेल्या रुग्णाच्या महिन्याभराच्या देखभालीचेही मिळतात. आणि जानेवारी 2025 पासून 'ॲडव्हान्स्ड प्रायमरी केअर मॅनेजमेंट' नावाची मासिक रक्कम सुरू झाली आहे, रुग्ण किती गुंतागुंतीचा यावर तीन पायऱ्यांची. ती घेणाऱ्या दवाखान्याला 24 तास संपर्क, लेखी केअर प्लॅन, स्पेशालिस्टांशी समन्वय आणि डिस्चार्जनंतरची विचारपूस हे सगळं करावंच लागतं. रुग्णावर 20 टक्के पडतात, ते सप्लिमेंट बहुधा उचलते. तेव्हा आसपासच्या दोन-तीन दवाखान्यांना, विशेषतः वृद्धांच्या तज्ज्ञांना, फोन लावून विचारा: "तुम्ही हे करता का, आणि नवीन रुग्ण घेता का?" आणि तुमच्या डॉक्टरांनाही विचारा: "जानेवारीनंतर ह्यांच्या नावावर तुम्ही मेडिकेअरला ही मासिक रक्कम लावणार आहात का?" लावणार असतील तर 24 तासांचा संपर्क मेडिकेअरनं आधीच विकत घेतलेला आहे. मग तुमची फी कशाची? प्रश्न विचारताना आवाज चढवू नका. तो न चढवताच जास्त टोचतो. आणि ह्यांना हॉस्पिटलातून दोनदा घरी आणल्यावर दवाखान्यातून फोन आला होता का, तेही आठवून बघा. रुग्णांच्या गर्दीत राहून गेला असेल तर एक वेळ समजू शकतं. पण मुळात तिथे तशी पद्धतच नव्हती, असं निघालं तर नुसती गर्दी कमी झाल्यानं ती येणार नाही.

माझं मत विचारलंत, म्हणून सांगते. बाकीची उत्तरं बरी आली आणि दुसरा दवाखाना समाधानकारक मिळाला नाही, तर ह्यांच्यासाठी एक वर्ष भरा. तुमच्यासाठी भरू नका. दोघांनी एकत्रच यायला हवं असं डॉक्टर म्हणाले तर ती त्यांची गरज आहे, तुमची नाही. वर्षभर एक वही ठेवा: किती वेळा फोन केला, किती वेळात उचलला, किती ॲडमिशन टळल्या असं तुम्हाला वाटलं. पुढच्या नोव्हेंबरात ती वही समोर ठेवून ठरवा. आणि हे 2,200 सप्लिमेंटमधून नाही, दुसरीकडून काढा. मुलगी इतक्या आग्रहानं सांगतेय तर तिला थोडा वाटा उचलू द्या, मुलांनाही बरं वाटतं.

मुलीची वस्तू मात्र वेगळी आहे, ते तिला सांगा. ती बहुधा 'डायरेक्ट प्रायमरी केअर'मध्ये आहे. तिथे डॉक्टर विमा कंपनीला बिलच पाठवत नाहीत, महिन्याच्या वर्गणीतच सगळ्या साध्या तपासण्या येतात. तुमच्या डॉक्टरांचं बहुधा तसं नाही, ते वर्गणी घेणार आणि शिवाय मेडिकेअरला बिलही लावणार. तिच्याकडे मोठ्या डिडक्टिबलची (आधी बरीच रक्कम स्वतः भरायची) पॉलिसी आणि एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं असेल तर तिच्यासाठी चांगली बातमी आहे. आधी अशी वर्गणी भरणाऱ्यांना एचएसएमध्ये पैसे टाकायला अडचण यायची. 1 जानेवारी 2026 पासून एका माणसाची वर्गणी महिन्याला 150 डॉलरपर्यंत असेल तर ती अडचण राहिलेली नाही. तिचे 85 त्यात बसतात. तुमच्यासाठी यातलं काही लागू नाही.

उरला तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न. पत्र उशाशी घेऊन झोपायचं कारण मला तरी तोच वाटतो.

तुम्ही फी भरल्यानं तिचा डॉक्टर जातो का? नाही, तो पत्र टपालात पडलं तेव्हाच गेला. पण त्याचा तुमच्याशी काहीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही, कारण हिशोब सरळ आहे. आमच्याकडच्याइतकेच रुग्ण तुमच्या डॉक्टरांकडे असतील आणि त्यांनी 500 ठेवले, तर सुमारे 1,800 माणसं बाहेर पडतात आणि आसपासच्या ज्या डॉक्टरांचे दिवस आधीच भरलेले आहेत त्यांच्या दारात उभी राहतात. ते डॉक्टर आणखी दमतात आणि एक दिवस त्यांच्याकडूनही जाड कागदाचं पत्र निघतं. 2004 मध्ये सरकारच्या हिशोब तपासणाऱ्या कार्यालयानं देशभर शोधून असे 146 डॉक्टर मोजले होते आणि पुढच्या वर्षी अहवालात लिहिलं होतं की संख्या इतकी लहान आहे की मेडिकेअरच्या रुग्णांना फारसा फरक पडत नाही. तो निष्कर्ष 146 च्या जगातला होता. आता एकट्या एमडीव्हीआयपीकडे हजाराहून जास्त डॉक्टर आहेत. दुसऱ्या बाजूनं वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं 2024 मध्ये अंदाज बांधला की 2036 पर्यंत देशात 86,000 पर्यंत डॉक्टर कमी पडू शकतील, त्यातले 20,200 ते 40,400 प्रायमरी केअरमधले.

आणि ज्या कायद्याबद्दल मला दर वेळी हसू येतं तो 1997 चा. मेडिकेअरबाहेर पडून रुग्णांशी खासगी करार करायचा दरवाजा त्याच कायद्यानं उघडला, आणि मेडिकेअरच्या पैशानं शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या जागांवर मर्यादाही त्याच कायद्यानं घातली. एका हातानं डॉक्टर बाहेर सोडायचे, दुसऱ्या हातानं नवे येऊ द्यायचे नाहीत. त्या मर्यादेला संसदेनं पहिल्यांदा बऱ्यापैकी हात घातला तो 2020 च्या शेवटी, 1,000 जागा देऊन. यजमान म्हणतात ते इथे खरं आहे, त्यांच्या पगारातून कापलेल्या पैशातूनच हे डॉक्टर शिकले. पण हा हिशोब तुमच्या डॉक्टरांच्या काउंटरवर मागून उपयोग नाही. तिथे माझ्यासारखी एखादी बाई बसलेली असते, जिचीही नोकरी त्या पत्रानं जाणार असते. बिलं कमी झाल्यावर माझी गेली. तो हिशोब संसदेतल्या तुमच्या भागाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात मागा. दोघांच्या सहीचं, एका पानाचं पत्र पाठवा. तिथले लोक मतदारांची पत्रं विषयवार मोजतात. या विषयावरची पत्रं त्यांच्याकडे फार येत नसावीत, कारण ज्याचा डॉक्टर जातो तो बापडा नवा डॉक्टर शोधण्यात गुंतलेला असतो.

मैत्रिणीसाठी मात्र तुमच्या हातात बरंच आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची नीतिसंहिता स्पष्ट सांगते की जे रुग्ण सभासद होणार नाहीत त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे पोचवायला डॉक्टरांनी मदत करायची, वाऱ्यावर सोडायचं नाही. परिसरात दुसरा कुणीच नसेल तर त्यांना तपासत राहणं हे त्यांचं कर्तव्य ठरू शकतं. म्हणून तिनं फोन करून "मला यादी पाठवा" म्हणू नये. यादीतले निम्मे डॉक्टर नवे रुग्ण घेत नसतात. तिनं म्हणावं, "माझ्यासाठी तुम्ही स्वतः दोन डॉक्टरांना फोन कराल का?" बरेच डॉक्टर थोड्या जुन्या रुग्णांना फी न घेताही ठेवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तेही तिनं विचारावं, किंवा ह्यांचा अर्ज भरताना तुम्ही तिच्यासाठी विचारा. उत्पन्न बेताचं असेल तर मेडिकेअरच्या प्रीमियममध्ये मदत करणाऱ्या योजना आहेत, आणि सरकारी अनुदानावरची कम्युनिटी हेल्थ सेंटर्स उत्पन्न पाहून फी लावतात. 'शिप' नावाची सरकारी सेवा हे सगळं फुकट समजावून सांगते. तिथल्या स्वयंसेवकांना मी स्वतः कंटाळा येईपर्यंत फोन केले आहेत, ते कंटाळत नाहीत.

आणि तिच्या प्रश्नाला उत्तर द्या. "ह्यांच्यासाठी एक वर्ष भरतेय. माझ्यासाठी नाही. मलाही नवा डॉक्टर शोधायचाय, चल, दोघी मिळून शोधू." यात लपवण्यासारखं काही नाही, आणि फोन लावायला दोघी असल्या की होल्डवरचं ते संगीतही सुसह्य होतं.

आता तारखा. तुमची मेडिकेअर पारंपरिक, म्हणजे थेट सरकारी आहे, म्हणून नेटवर्कची (कंपनीनं ठरवलेल्या डॉक्टरांच्या यादीची) चिंता नाही. पण मैत्रिणीची ॲडव्हान्टेज पॉलिसी, म्हणजे खासगी कंपनीमार्फत घेतलेली मेडिकेअर असेल तर नवा डॉक्टर त्या नेटवर्कमध्ये आहे का ते 7 डिसेंबरच्या आत बघायला सांगा, तोवर पॉलिसी बदलता येते; त्यानंतर जानेवारी ते मार्चमध्ये फक्त एकदा. तुमचे स्वतःचे सगळे रेकॉर्ड या आठवड्यातच लेखी मागा. कायद्यानं दवाखान्याला त्यासाठी 30 दिवस मिळतात आणि डिसेंबरात तिथे तुमच्यासारखे हजारभर लोक तेच मागत असतील. थायरॉइडची गोळी जुन्या डॉक्टरांकडून 90 दिवसांची लिहून घ्या, नवी अपॉइंटमेंट मार्चच्या आधी मिळेलच असं नाही.